स्पॅनिश शिकायची तर समाजासकट

फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात सोळाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. बारा खंडांचं, सुमारे अडीच हजार चित्रांचं. पान उघडलं की दोन रकाने दिसतात. उजव्या रकान्यात मध्य मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांची नाहुआत्ल भाषा, रोमन अक्षरांत लिहिलेली. डाव्या रकान्यात तिचा स्पॅनिश अनुवाद. अनुवाद बहुतेक ठिकाणी मुळापेक्षा आखूड आहे, म्हणून डावीकडे जागा उरते, आणि त्या जागेत चित्रं काढली आहेत: औषधी झाडं, पक्षी, बाजारात माल मांडून बसलेले विक्रेते, पिसांची कलाकुसर करणारे कारागीर.

हे काम बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या देखरेखीखाली झालं. सालामांकाला शिकलेला हा माणूस १५२९ मध्ये मेक्सिकोत आला. नाहुआ लोकांना ख्रिस्ती करायचं तर आधी त्यांचा धर्म, त्यांचे सण, त्यांची औषधं समजून घेतली पाहिजेत, हा त्याचा उघड हेतू होता. पण माहिती गोळा करण्याची त्याची रीत आज फील्डवर्क करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ओळखीची वाटेल. त्यानं आधी प्रश्नांची यादी केली. ती घेऊन तो गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांपुढे बसला. त्यांनी आपल्या चित्रलिपीच्या आधारानं उत्तरं दिली आणि ती उतरवून घेतली नाहुआ तरुणांनी. १५३६ मध्ये सुरू झालेल्या त्लातेलोल्कोच्या विद्यालयात लॅटिन, स्पॅनिश आणि नाहुआत्ल अशा तिन्ही भाषांत तयार झालेली ही मुलं. आंतोनियो वालेरियानो, मार्तिन हाकोबिता, आलोन्सो वेहेरानो ही त्यांची नावं साआगुननं स्वतः नोंदवून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहेत. १५७६ मध्ये मोठी साथ आली, माणसं पटापट मरू लागली, रंग मिळेनासे झाले. शेवटच्या भागातली बरीच चित्रं बिनरंगी राहिली ती त्यामुळे. बाराव्या खंडात स्पेननं मेक्सिको जिंकल्याची हकिगत आहे, हरलेल्यांच्या तोंडून सांगितलेली. १५७७ मध्ये राजा फिलिप दुसरा यानं असल्या लेखनाला बंदी घालून हस्तलिखितं जप्त करण्याचं फर्मान काढलं.

या ग्रंथाचा अभ्यास कुठल्या विभागात करायचा? भाषेच्या, इतिहासाच्या, मानववंशशास्त्राच्या की कलेतिहासाच्या? एकाच विभागात नेला तर उरलेले तीन हिस्से हातातून निसटतात. स्पॅनिश भाषा, संस्कृती आणि सामाजिक शास्त्रं यांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम जगातल्या अनेक विद्यापीठांत चालतो. ‘हिस्पॅनिक स्टडीज’ हे त्याचं रूढ नाव. असा अभ्यासक्रम का असावा, याचं उत्तर मला या ग्रंथात सर्वांत स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे परदेशी भाषा बहुधा दोन कारणांनी घेतल्या जातात. अकरावी-बारावीला फ्रेंच किंवा जर्मन घेतली जाते ती मार्क मिळतात म्हणून. नंतर क्लास लावला जातो तो नोकरीसाठी. ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या चढायच्या, परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट घ्यायचं. त्यात वाईट काही नाही. पोटापाण्याचा विचार करूनच माणसं शिकतात. पण तीन-चार वर्षं देऊन पदवी घ्यायची असेल आणि तिच्यातूनही एवढंच हाती लागणार असेल, तर तो सौदा विद्यार्थ्याच्या तोट्याचा आहे. स्पॅनिशच्या बाबतीत तर जास्तच, कारण गेल्या पाचशे वर्षांत ही भाषा ज्या प्रश्नांवर भांडली आहे ते प्रश्न आपलेही आहेत.

आधी नकाशा पाहू. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक जगात ५० कोटींच्या आसपास आहेत. स्पेनची लोकसंख्या सुमारे ५ कोटी, एकट्या मेक्सिकोची सुमारे १३ कोटी. म्हणजे दहांतले नऊ स्पॅनिश भाषक स्पेनबाहेरचे. तरीही वर्गात पहिल्या दिवशी बहुधा स्पेनचीच चित्रं दाखवली जातात. स्पेनमध्येही सारे एकच भाषा बोलतात असं नाही. १९७८ च्या राज्यघटनेनं कास्तिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती, सगळ्या देशाची भाषा मानली. शिवाय काताल्यान, गालिसियन आणि बास्क या भाषांना आपापल्या प्रदेशात अधिकृत दर्जा मिळाला. पॅराग्वेत ग्वारानी ही स्पॅनिशच्या बरोबरीनं राजभाषा आहे. बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत स्पॅनिशखेरीज ३६ मूलनिवासी भाषांची नावं आहेत. भाषावार प्रांतरचना आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा ज्यांच्या घरात बोलला गेला, त्या मुलांना हा सगळा वाद शिकवावा लागत नाही, फक्त त्याची नावं आणि सनावळी द्यावी लागते.

भाषेच्या अंगानंही मराठी विद्यार्थी काही बाबतींत आधीच पुढे असतो आणि हे त्याला कुणी सांगत नाही. इंग्रजी माध्यमातल्या पाठ्यपुस्तकांत ‘गुस्तार’ या क्रियापदावर स्वतंत्र धडा असतो, कारण इंग्रजी बोलणाऱ्याला ती रचना उलटी वाटते. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. आवडणारा चतुर्थीसारख्या रूपात, क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी. आपण हेच करतो. ‘से मे कायो एल बासो’ म्हणजे ‘माझ्या हातून पेला पडला’. पाडला नाही, पडला. हा भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी पुस्तकांत शेवटी शेवटी येणारा आणि विद्यार्थ्यांना रडवणारा सब्जंक्टिव्हही तसाच. ‘किएरो के बेंगास’ हे वाक्य ‘तू यावंस असं मला वाटतं’ या वाक्यापाशी नेऊन ठेवा. ‘यावंस’ या रूपातला इच्छेचा, अजून न घडलेल्या गोष्टीचा स्वर आपल्या कानात आधीपासून आहे. प्रत्येक ठिकाणी ही जोडी जुळत नाही, पण सुरुवात करायला ती पुरेशी आहे. उच्चारांतही त आणि द हे दंत्य वर्ण आपले तयार असतात.

अडतं ते दुसरीकडे. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन्हींसाठी आपल्याकडे ‘असणे’ हे एकच क्रियापद. माणूस शिक्षक आहे तिथे सेर, थकलेला आहे तिथे एस्तार, इथवर ठीक. पण माणूस मेलेला आहे इथेही एस्तार येतं, आणि ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा क्लासमध्ये पाठ केलेला नियम कोसळतो. एखाद्या बदलातून आलेली अवस्था एस्तारनं सांगतात, हे कळायला वेळ लागतो. संबोधनाचंही तसंच. स्पेनमध्ये मित्राला ‘तू’ म्हणतात, अर्जेंटिनात त्याच ठिकाणी ‘बोस’ येतं आणि क्रियापदाचं रूपही बदलतं. कोलंबियाच्या काही भागांत घरातल्या माणसालाही ‘उस्तेद’ म्हणतात, जे इतरत्र परक्यासाठी किंवा मानानं वापरतात. विदर्भात, कोल्हापुरात आणि पुण्यात कोण कुणाला अरे-तुरे करतं याकडे ज्याचं लक्ष असतं त्याला हा अभ्यास लगेच धरता येतो. इथे व्याकरणाचा तास आणि समाजशास्त्राचा तास वेगळे ठेवताच येत नाहीत.

आता ही भाषा ज्यांवर भांडली त्या प्रश्नांकडे येऊ. १४९२ मध्ये आंतोनियो दे नेब्रिहानं कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं. भाषा आणि साम्राज्य एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, अशी मांडणी त्यानं प्रस्तावनेत राणीपुढे केली. त्याच वर्षी कोलंबस निघाला. पुढच्या साठ वर्षांत त्या साम्राज्याच्या पोटातूनच त्याला प्रश्न विचारणारे उभे राहिले. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरियानं व्याख्यान दिलं: अमेरिकेतले लोक आपल्या जमिनीचे खरे मालक होते, आणि पोपनं किंवा सम्राटानं देऊन टाकल्यानं ती स्पेनची होत नाही. युद्ध न्याय्य ठरवणारी दुसरी कारणं त्यानं शिल्लक ठेवली, हेही खरं; त्यामुळे त्याला नायक करून मोकळं होता येत नाही. १५५०-५१ मध्ये वायादोलिद शहरात सम्राटाच्या आज्ञेनं पंडित आणि धर्मशास्त्री जमले. एका बाजूला हुआन हिनेस दे सेपुल्वेदा. त्याचं म्हणणं, हे लोक निसर्गतः कनिष्ठ आहेत, त्यांना जिंकून ताब्यात ठेवणं योग्यच. दुसऱ्या बाजूला बार्तोलोमे दे लास कासास. स्वतः कधीकाळी मूलनिवासींच्या वेठबिगारीवर जगलेला, नंतर ती सोडून आयुष्यभर तिच्याविरुद्ध लढलेला. निर्णय कुणाच्याच बाजूनं जाहीर झाला नाही. पण माणूस कुणाला म्हणायचं आणि त्याच्या श्रमावर हक्क कुणाचा, हा वाद जेत्यांनी विजय ताजा असताना आपसांत घातला, याला इतिहासात फारशी उदाहरणं नाहीत. त्या वादातले कागद आज मुळातून वाचता येतात.

अर्थशास्त्राचा एक धागाही इथूनच निघतो. दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीची चांदी १५४५ नंतर युरोपात ओतली जाऊ लागली, महागाई वाढली, आणि १५५६ मध्ये सालामांका परंपरेतल्या मार्तिन दे आस्पिलकुएतानं लिहिलं की पैसा जिथे मुबलक होतो तिथे त्याचं मोल घटतं. ही चांदी फिरत फिरत सुरतेच्या टांकसाळीतही पोचली आणि तिचे मोगल रुपये पडले. चार शतकांनंतर, १९४८ मध्ये, सान्तियागोत संयुक्त राष्ट्रसंघाचा लॅटिन अमेरिकेसाठीचा आर्थिक आयोग स्थापन झाला. तिथे अर्जेंटिनाच्या राऊल प्रेबिशनं मांडलं, की कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या मालाचे भाव यंत्रं विकणाऱ्यांच्या तुलनेत दीर्घकाळ घसरत जातात, त्यामुळे नुसत्या व्यापारानं ते देश वर येत नाहीत. दादाभाई नौरोजींची संपत्ती-निःसारणाची मांडणी ज्याला माहीत आहे त्यानं प्रेबिश वाचावा. दोघांचे युक्तिवाद वेगळे आहेत, पण दुखणं एकाच जागेचं आहे.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो ‘तेस्तिमोनियो’ या लेखनप्रकाराला. तेस्तिमोनियो म्हणजे साक्ष. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याचं लिहिलेलं कुणी छापणार नाही, असा माणूस स्वतःचं आणि आपल्या लोकांचं जगणं सांगतो आणि दुसरा कुणीतरी ते उतरवतो. क्युबातल्या ‘कासा दे लास आमेरिकास’ या संस्थेनं १९७० मध्ये या प्रकारासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक १९८३ चं, ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेन्चूचं. मातृभाषा किचे. आई, वडील आणि भाऊ लष्कराच्या दडपशाहीत गेलेले. १९८२ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये तिनं आपली कहाणी एलिझाबेथ बुर्गोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सांगितली, आणि ती स्पॅनिशमध्ये सांगितली, जी ती नुकतीच काही वर्षांत शिकली होती. बुर्गोसनं ध्वनिफितींवरून मजकूर उतरवला, स्वतःचे प्रश्न काढून टाकले, प्रकरणं पाडली, आणि नव्यानं भाषा शिकणाऱ्याच्या होतात तशा लिंगाच्या चुका दुरुस्त केल्या. प्रस्तावनेत तिनं हे मोकळेपणानं सांगितलं आहे.

इथे थांबून विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. चुका दुरुस्त केल्या नसत्या तर वाचकाला मेन्चू अडाणी वाटली असती. दुरुस्त केल्यानं तिच्या बोलण्यातली तिची स्वतःची चाल पुसली गेली. पुस्तक मग नेमकं कुणाचं? १९९२ मध्ये मेन्चूला शांततेचं नोबेल मिळालं. १९९९ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्टॉलनं पुस्तक लिहून दाखवलं, की तिनं सांगितलेल्या काही घटना तशा घडल्या नव्हत्या: भावाच्या मृत्यूचा प्रसंग, तिचं शाळेत न जाणं. त्याच वर्षी ग्वातेमालाच्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, आणि ९३ टक्के अत्याचारांना सरकारी यंत्रणा व तिच्या हस्तकांना जबाबदार धरलं होतं. मेन्चूच्या तपशिलांत चुका आणि तिच्या साक्षीचा आशय खरा, या दोन गोष्टी एकाच वर्षी समोर आल्या. मूळ स्पॅनिश पुस्तकात ‘मी’ आणि ‘आम्ही’ सतत एकमेकांत मिसळतात. ती सगळ्या गावाच्या वतीनं बोलते, आणि तसं सुरुवातीलाच सांगून टाकते. हे भाषेच्या अंगानं वाचलं की स्टॉलचा आक्षेप खोटा ठरत नाही, पण त्याचं वजन बदलतं.

मराठी वाचकाला इथे ‘बलुतं’ आठवल्याशिवाय राहणार नाही. दया पवारांचं ते पुस्तक १९७८ चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं. दोन दूरच्या भाषांत, पाच वर्षांच्या अंतरात, ज्यांना कुणी विचारत नव्हतं ती माणसं आपल्या समाजाची कहाणी प्रथमपुरुषी सांगू लागली. फरकही मोठा आहे. दया पवारांनी स्वतः लिहिलं, स्वतःच्या भाषेत. मेन्चूला दुसऱ्याची भाषा आणि दुसऱ्याची लेखणी लागली. आत्मकथनं खरी किती आणि बेतलेली किती, घरातली अब्रू चव्हाट्यावर का मांडली, हे प्रश्न आपल्याकडेही विचारले गेले. दोन्हीकडचं लेखन मुळातून वाचणारा अभ्यासक या विषयात जे म्हणू शकेल ते इंग्रजी अनुवादांवर विसंबणाऱ्याला म्हणता येणार नाही.

स्पेनचा अलीकडचा इतिहासही असाच साक्षींवर उभा आहे. १९३६ ते ३९ चं यादवी युद्ध, मग १९७५ पर्यंत फ्रांकोची हुकूमशाही. लोकशाही आली तेव्हा, १९७७ मध्ये, सर्वांना माफी देणारा कायदा झाला आणि जुनं उकरायचं नाही असं ठरलं. २००० मध्ये प्रियारान्सा देल बिएर्सो या गावाजवळ एका नातवानं पुढाकार घेऊन रस्त्याकाठची कबर उघडली. तेरा जणांचे अवशेष मिळाले. तिथून चळवळ उभी राहिली. २००७ चा कायदा, २०१९ मध्ये फ्रांकोचं शव स्मारकातून हलवणं, २०२२ चा लोकशाही स्मृतीचा कायदा, हे सगळं त्यापुढचं. या विषयावर वर्गात कायद्यांचे मसुदे, कबरी उघडणाऱ्यांचे अहवाल आणि कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचतात.

भारतात हे कुठे शिकता येईल? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशची बी.ए. ऑनर्स पदवी आहे, आणि आधी एक शब्दही न येणाऱ्याला तिथे प्रवेश मिळू शकतो. हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठातही स्पॅनिश आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, सर्टिफिकेट-डिप्लोमाचे वर्ग चालतात. स्पेन सरकारनं १९९१ मध्ये स्थापन केलेल्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसची दिल्लीत शाखा आहे, आणि डेले ही जगभर मानली जाणारी परीक्षा तीच संस्था घेते. अभ्यासक्रम निवडताना फी आणि प्लेसमेंट पाहाल ते पाहाच, पण विषयांची यादीही मागून घ्या. दुसऱ्या वर्षापासून लॅटिन अमेरिकेचा इतिहास आहे का, मूळ ग्रंथ स्पॅनिशमधून वाचायला लावतात का, भाषांतराखेरीज प्रबंध लिहायचा असतो का, एवढं विचारा. यादी तोकडी असली तरी हाताशी इंटरनेट आहे. एकच बातमी माद्रिदच्या ‘एल पाईस’, मेक्सिकोच्या ‘ला होर्नादा’ आणि ब्युनोस आयरेसच्या ‘क्लारिन’मध्ये रोज वाचली, तर सहा महिन्यांत भाषेबरोबर राजकारणही कळू लागतं.

आणि प्रबंधासाठी विषय? मराठी मुलांसाठी ते वाट पाहत पडले आहेत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या नव्या जातींवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यांचं शास्त्रीय लेखन स्पॅनिशमध्ये आहे. मेक्सिकन क्रांतीनंतरचं शेतीधोरण आणि विदर्भातून गेलेला हा क्रांतिकारक यांचा एकत्र अभ्यास ज्याला दोन्ही भाषा येतात त्यानंच करायचा.

उसाचा विषय त्याहून मोठा आहे. क्युबाच्या फेर्नान्दो ओर्तिसनं १९४० मध्ये तंबाखू आणि साखर या दोन पिकांवरून आपल्या देशाचा अख्खा समाज उलगडणारं पुस्तक लिहिलं. तसं पुस्तक महाराष्ट्राच्या उसावर लिहायचं तर ओर्तिस मुळातून वाचलेला बरा. सहकाराकडे पाहा. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० च्या सुमारास उभा राहिला. स्पेनच्या बास्क प्रदेशात मोन्द्रागोनला आरिस्मेन्दिआर्रिएता या धर्मगुरूच्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कारखाना काढला; त्यातून जगातला सर्वांत नावाजलेला कामगार सहकार वाढला. दोन्हीकडे एक सभासद, एक मत. पण मोन्द्रागोनला सभासद कामगार असतो, प्रवरेला ऊस पिकवणारा शेतकरी. बीडकडून येणारा ऊसतोड कामगार आपल्या कारखान्याचा सभासद नसतो. मोन्द्रागोनच्या परदेशातल्या कारखान्यांत काम करणारे बहुतेक लोकही तिथे सभासद नाहीत. सहकारात कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे दोन्ही ठिकाणी कोणत्या टप्प्यावर आणि कुणी ठरवलं, याची कागदपत्रं एकीकडे मराठीत आहेत, दुसरीकडे स्पॅनिश आणि बास्कमध्ये.